शेवटून पहिला

"नाही हो ताई, माझ्या मागं कुणाला राहताच येत नाही. माझ्या मागं फक्त बस असते."

"म्हणजे हे तुमच्या पुढं असणार?"

"पुढंच. पाच पावलं पुढं नाहीतर पाच किलोमीटर पुढं, पण पुढंच. मला कुणाला ओलांडायची परवानगी नाही."

"मग मागून धरून ठेवा त्यांना. शर्टाला धरा, चड्डीला धरा, काय धरायचं ते धरा. पण काही होऊ देऊ नका."

"बैलाचं शेपूट धरून बैल थांबतो का गं ताई?" ओट्यापाशी भांडी पुसत बायको म्हणाली. "आणि आमचं हे तर नावाचंच शेपूट."

ताई हसली नाही. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. एरवी या घरात पाऊल टाकलं की ती आधी पडद्यांना नावं ठेवायची, मग चहाला. त्या दिवशी आली ती खुर्चीच्या काठावर टेकली आणि सरळ मुद्द्यावर आली. समोरच्या चहावर साय धरली तरी तिनं कपाला हात लावला नाही. तिचा नवरा, म्हणजे आमच्या लिफ्टवाल्याचा साडू, येत्या रविवारी एकवीस किलोमीटर पळणार होता. आठ महिन्यांपूर्वी त्याच्या हृदयात दोन जाळ्या बसवल्या होत्या.

"मी बघतो," लिफ्टवाला म्हणाला.

"नुसतं बघू नका," ताई म्हणाली, आणि सायीसकट चहा एका दमात प्यायली.

लिफ्टवाल्याच्या पन्नाशीला एक वर्ष कमी होतं. सव्वीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत आला. या धंद्यातली गंमत अशी, की लिफ्टवाल्याच्या नशिबी लिफ्ट नसते. चालू असली तर त्याला कुणी विचारत नाही, आणि बोलावतात तेव्हा ती बंद असते. मग हत्यारांची पिशवी खांद्याला मारून गच्चीवरच्या मशीनरूमपर्यंत पायी. अडतिसाव्या वर्षी तो एकदा सातव्या मजल्यावर पायरीवरच बसला. डोळ्यांपुढं काजवे चमकले, छाती भात्यासारखी वर-खाली. दार उघडून एक म्हातारी पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "लिफ्टनं यायचं ना रे बाबा!"

त्यानंतर डॉक्टरनं त्याला उभा-आडवा झापला. रक्त घट्ट, वजन जास्त, विडी बंद, मीठ कमी, चाला. तो चालायला लागला. चालताचालता कधी पळायला लागला त्याला स्वतःलाही नेमकं सांगता येत नाही. आणि पळतो म्हणजे तरी काय, जरा घाईत असलेला माणूस दिसतो इतकंच. पण थांबत नाही. घड्याळ लावून घ्यावं असा एकच वेग, चढ असो की उतार.

गावात हृदयाचं एक मोठं रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई दर वर्षी हे पळणं भरवतात. लोकांनी काळजाची काळजी ते बंद पडायच्या आधी घ्यावी हा हेतू. हजारभर माणसं येतात, त्यातली निम्मी फोटोपुरती. अशा पळण्यात पहिला कोण येणार हे कुणाला ठाऊक नसतं, पण शेवटचा माणूस मात्र आधीच नेमलेला असतो. अंगात नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी, पाठीवरच्या पिशवीत मीठपाणी, केळी, चिकटपट्ट्या. साडेतीन तासांच्या हिशेबानं त्यानं पळायचं. तो पुढं गेला की मागचा रस्ता गाड्यांना मोकळा करतात. ज्याला झेपत नाही त्याला त्यानं थांबवायचं, छातीवरच्या नंबराच्या चार पिना काढायच्या, नंबर पिशवीत टाकायचा आणि माणूस बसमध्ये चढवायचा. नंबर निघाला की पळणं संपलं. मग तो शेवटच्या रेषेवर नाचत गेला तरी कुणी मोजत नाही. या चार पिना काढायचा हक्क दोघांनाच: डॉक्टरीणबाईंना आणि शेवटच्याला.

लिफ्टवाला सहा वर्षं शेवटचा होता. लोकांनी त्याचं नाव ठेवलं शेपूट. कुणी विचारलं, कितवा आलास, तर तो सांगायचा, "पहिला. शेवटून."

साडूची गोष्ट निराळी. तो मोटार शिकवायच्या शाळेत मास्तर. तीस वर्षांत अर्ध्या गावाला त्यानं चाकामागं बसवलं. शिकाऊ गाडीत मास्तरच्या पायाखाली एक वेगळा ब्रेक असतो, शिकणारा गोंधळला की मास्तरनं दाबायचा. साडूचा उजवा पाय त्या ब्रेकवर आणि तोंड कायम चालू. "आरशात बघ, आरशात. स्वतःला नको, मागच्या ट्रकला बघ." त्याच्या तोंडाचा पट्टा झोपेतसुद्धा बंद होत नाही असं ताई सांगायची.

छातीत कळ आली तेव्हाही तो गाडीतच होता. त्यानं शिकणाऱ्या पोरीला शांतपणे गाडी कडेला घ्यायला लावली, इंडिकेटर द्यायला लावला, हँडब्रेक ओढायला लावला आणि मग मान टाकली. पोरीचं काही वाकडं झालं नाही. पण पोरीच्या आईनं दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या मालकाला गाठून सांगितलं, "मास्तर चांगले आहेत हो, पण उद्या भर चौकात पुन्हा तसं झालं तर दुसरा ब्रेक दाबणार कोण? दुसरे मास्तर द्या." एकीनं म्हटलं, मग तिघींनी म्हटलं. मालक माणूस वाईट नव्हता, पण दुकानदार होता. त्यानं साडूला तोडगा सांगितला: "मास्तर, ते एकवीस किलोमीटरचं पळणं पुरं करून दाखवा. त्याचा कागद मी चौकट करून काउंटरवर टांगतो. मग बघू कुणाचं तोंड उघडतं ते. नाहीतर मग वरच्या वर्गात पाट्या शिकवा."

वरचा वर्ग म्हणजे त्याच इमारतीत पाचव्या मजल्यावरची खोली. फळा, खडू आणि रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते. साडूच्या दृष्टीनं ती जिवंतपणीची अडगळीची खोली होती. म्हणून तो पळणार होता.

डॉक्टरीणबाईंनी त्याला पट्ट्यावर पळवून, तारा लावून तपासलं होतं. हळू पळा, मध्येमध्ये चाला, असं सांगून परवानगी दिली. एकच अट घातली: "बोलता येईल इतक्याच वेगानं जायचं. बोलणं बंद झालं की तुम्ही थांबायचं."

"मग तर मी बोलत बोलत जगाला वळसा घालून येईन, बाई," साडू म्हणाला.

ताईला जे ठाऊक होतं आणि ज्यासाठी तिनं सायीचा चहा ढोसला, ते असं. तीन वर्षांपूर्वी याच पळण्यात शेपटाच्या डोळ्यांदेखत एक माणूस गेला होता.

बँकेतला कारकून होता. मागच्या घोळक्यात एक शाळामास्तरीण पळत होती, तिच्या छातीतून किटलीसारखी शिटी वाजत होती. लिफ्टवाल्याचं सगळं ध्यान तिच्याकडं. तो तिला पाणी देत होता, थांबा म्हणत होता, ती मान हलवून पळत होती. कारकून दोघांच्या पुढं होता. सुरुवातीपासून त्यानं साहेबाच्या नकला करून मागच्यांना हसवत आणलं होतं. सोळाव्या किलोमीटरला त्याच्या नकला थांबल्या. लिफ्टवाल्याला वाटलं, बरं झालं, दम राखतोय. सतराव्याला कारकून दुभाजकाच्या कडेला बसला, मग आडवा झाला. छातीला झटका देणारी पेटी यायला चौदा मिनिटं लागली. मास्तरणीची शिटी जन्मापासूनची होती. ती अजून दर वर्षी पळते.

लिफ्टवाला त्यानंतरही कामावर गेला, जेवला, झोपला. पण त्याला एकच गोष्ट खात होती. दुसऱ्या कुणाला ती चूक माफ होती, त्याला नव्हती. कारण त्याच्या उस्तादानं पहिल्याच महिन्यात त्याला मशीनरूममध्ये उभं करून शिकवलं होतं: लिफ्ट कुरकुरते, खडखडते, घासते, तिला तेल घाल आणि चालू दे. पण मजल्यावर थांबताना ब्रेक जो 'ठक्' करतो तो कानात ठेव. रोज येणारा आवाज ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी कुणाला न विचारता मेन स्विच खाली ओढ. सव्वीस वर्षं लिफ्टच्या बाबतीत तो हे पाळत आला होता. माणसाच्या बाबतीत तो शिटीकडं बघत राहिला आणि ठक् ऐकायचा राहिला.

पुढच्या वर्षापासून पळण्यात जे पैसे जमतील त्यातून डॉक्टरीणबाई झटक्याच्या पेट्या घ्यायला लागल्या. कुठं लावायच्या यावर समितीत दोन बैठका झाल्या. कुणी म्हणालं बागेत, कुणी म्हणालं चौकात. लिफ्टवाला म्हणाला, "लिफ्टच्या दारापाशी लावा. तिथं प्रत्येकाला दिवसातून चारदा नुसतं उभं राहावं लागतं. बघायला दुसरं काही नसतं. घरात आग लागली तरी माणसाला आठवेल पेटी कुठं आहे ते." तेव्हापासून पेट्या तोच बसवतो, स्वतःच्या ड्रिलनं. एकोणीस बसवल्या. त्यातल्या एकीचं झाकण आजवर एकदा उघडलं, आणि तो माणूस आता तिसऱ्या मजल्यावरून खाली वाकून पार्किंगवरून भांडतो.

रविवारी उजाडता उजाडता पळणं सुटलं. साडूनं नवीन बूट घेतले होते, छातीवर नंबर, कपाळाला पट्टी. सुटायच्या रेषेवर ताई आणि बायको उभ्या होत्या. ताईनं लिफ्टवाल्याकडं नुसतं बघितलं. त्या बघण्याचं ओझं पिशवीतल्या पाण्यापेक्षा जास्त होतं.

पहिल्या पाच किलोमीटरमध्येच साडू मागं सरकत सरकत शेपटाच्या पाच पावलं पुढं येऊन स्थिरावला. शेजारी शिटीवाली मास्तरीण. बाकीचे पांगले. तिघंच उरली आणि मागं बस गुरगुरत.

"काय शेपूट, असंच चालायचं का जन्मभर?" साडू मान वळवून म्हणाला. तो वयानं मोठा, म्हणून अरे-तुरे करायचा. "अरे, तुझ्यापेक्षा माझी शिकाऊ पोरं रिव्हर्समध्ये जोरात जातात."

"पुढं बघा साडूभाऊ. खड्डा आहे."

"खड्डे मला नको शिकवू. हा खड्डा मी ओळखतो, गेल्या साली इथं एका वकिलानं माझा सायलेन्सर काढून ठेवला होता. मास्तरीणबाई, तुम्ही गाडी शिकलात का?"

मास्तरणीनं शिटीतून सांगितलं की सायकल येते.

"सायकल! मग अर्धं काम झालं. तोल आहे, भीती नाही. या सोमवारी."

असं चाललं होतं. दहाव्याला साडू सासऱ्याच्या कंजूषपणावर बोलत होता, बाराव्याला ट्रक आणि म्हशी यांच्या स्वभावातल्या साम्यावर. लिफ्टवाला दर दोन किलोमीटरला त्याला मीठपाणी देत होता, आणि केळी. "खा. ताकद राहील." साडूनं एक खाल्लं, दुसरं खाल्लं, पंधराव्याला तिसरं खाल्लं. लिफ्टवाल्याचं त्याच्या बोलण्यातल्या शब्दांकडं लक्ष नव्हतं. तो फक्त ते चालू आहे एवढं ऐकत होता.

सतराव्याची पाटी गेली. कारकून बसला होता तो दुभाजक आता रंगवलेला होता. लिफ्टवाल्यानं तिकडं बघितलं नाही. दोनशे पावलं गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की बसच्या इंजिनाचा आवाज फार स्पष्ट येतोय. मास्तरणीची शिटी येतेय. चार बुटांची चपचप येतेय. चौथं काही येत नाही.

"साडूभाऊ?"

उत्तर नाही.

"साडूभाऊ, त्या वकिलाचं पुढं काय झालं?"

"हं."

लिफ्टवाला दोन ढांगांत बरोबरीला आला. साडूचा चेहरा पांढरा पडला होता, कपाळाच्या पट्टीखालून घाम टिपूस टिपूस गळत होता, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे ओठ घट्ट.

"कुठं दुखतंय का?"

साडूनं मास्तरणीकडं बघितलं, मान हलवली. नाही.

"बोला काहीतरी. तुमची शिव्यांची फैर झाडा."

"गप रे," साडू दातांतून म्हणाला, आणि वेग वाढवला. पावणेचार किलोमीटर उरले होते. घड्याळात वेळ होता. त्या वेगानं तो आरामात पोचला असता.

लिफ्टवाल्यानं शिट्टी मारली. बस थांबली. तो साडूच्या आडवा उभा राहिला आणि त्यानं पहिल्या पिनेला हात घातला.

"ए! हात काढ!"

"थांबायचं. बोलणं बंद झालं तुमचं."

"अरे बोलतोय ना हा! बोलतोय! काय ऐकायचंय तुला? सासऱ्याला शिव्या देऊ?"

दुसरी पिन निघाली. साडूनं त्याचं मनगट धरलं. माणसाच्या हातात बरीच ताकद होती. लिफ्टवाला थांबला नाही.

"हे बघ, शेपूट. तुला माहीत आहे माझं काय आहे ते. तो कागद पाहिजे मला. ती पाचव्या मजल्यावरची खोली तुला माहीत आहे. मी तिथं मरेन रे. आडवा होईन पण रेषेवर पोचेन."

"आडवं व्हायचं तर बसमध्ये व्हा. सीट आहेत."

तिसरी. चौथी पिन बनियनमध्ये अडकली होती, ती निघताना कापड टरकलं. साडूनं आईवरून एक सणसणीत शिवी दिली आणि बसकडं निघाला. तो चालत गेला नाही, पळत गेला. लिफ्टवाल्याला ते तेव्हा खटकायला हवं होतं, पण खटकलं नाही.

शेवटच्या रेषेपाशी डॉक्टरीणबाईंचा तंबू होता, बसला लिफ्टवाल्यानं सरळ तिथंच पाठवलं होतं. लिफ्टवाला मास्तरणीला पोचवून आत आला तेव्हा साडू खाटेवर बसलेला, छातीला तारा, शेजारी ताई. डॉक्टरीणबाई यंत्रातून निघालेली कागदाची पट्टी दुसऱ्यांदा वाचत होत्या.

"यात काहीच नाही," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा चांगली आहे. रक्तदाब बरोबर. मग गप्प का झालात?"

साडूनं तंबूत मास्तरीण नाही याची खात्री करून घेतली.

"पोटात कळ आली होती," तो म्हणाला. "या गाढवाच्या तीन केळ्यांनी. अशी आली होती की एक शब्द बोललो असतो तर दुसरीकडूनच उत्तर आलं असतं. शेजारी बाईमाणूस पळतंय, तिच्यासमोर काय सांगू? पुढं पेट्रोलपंप होता अर्ध्या किलोमीटरवर. तिथं जाऊन दोन मिनिटांत मोकळा होऊन आलो असतो. बसवाला भला माणूस, त्यानं तिथं थांबवली."

डॉक्टरीणबाईंनी तोंड कागदाच्या पट्टीनं झाकून घेतलं. ताईला हसावं की रडावं कळेना, तिनं पर्समध्ये उगीच काहीतरी शोधलं. लिफ्टवाला पिशवीचा पट्टा धरून उभा राहिला. तो सॉरी म्हणाला नाही. म्हणायला हवं होतं असं बायकोचं मत पडलं, आणि ते तिनं घरी जाईपर्यंत चार वेळा सांगितलं.

"पेट्रोलपंपापर्यंत तर जाऊ द्यायचं होतं हो!"

"मला काय माहीत पोट आहे का छाती?"

"विचारायचं ना."

"विचारलं. नाही म्हणाले."

"मग आता पुढच्या वर्षी काय करणार?"

"केळी दोनच देणार," लिफ्टवाला म्हणाला. "बाकी हेच."

सोमवारी मालकानं साडूला पाचव्या मजल्यावर पाठवलं. मास्तर पळताना बसमधून आले, ही बातमी अर्ध्या गावाला कळली होती. पोट की छाती हे विचारत बसायला कुणाला वेळ नव्हता, आणि खरं कारण साडूनं लाजेनं कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून त्यानं लिफ्टवाल्याशी बोलणं टाकलं. ताई यायची, चहाला नावं ठेवायची, जायची. साडू खाली रस्त्यावरच स्कूटर घेऊन थांबायचा. दोन महिने असे गेले. नंबराचा कागद आणि चार पिना लिफ्टवाल्याच्या हत्यारांच्या पिशवीत खालच्या कप्प्यात पडून होत्या.

मग त्या इमारतीच्या लिफ्टची महिन्याची तपासणी आली. सहा मजले, खाली मोटारशाळेचं काउंटर, पाचव्यावर वर्ग. सकाळी दहाला लिफ्टवाला गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेला. हेल्परला लिफ्ट वर-खाली फिरवायला लावून तो ब्रेकपाशी कान लावून बसला. पहिला मजला, ठक्. दुसरा, ठक्. तिसऱ्याला काही आलं नाही. परत फिरवली. तिसऱ्याला आलं, चौथ्याला नाही. त्यानं हेल्परला बाहेर पडायला लावून मेन स्विच खाली ओढला. मग दाराला पाटी लावायला खाली उतरला. 'लिफ्ट बंद आहे' लिहिलेला पुठ्ठा होता, दोरी तुटली होती. त्यानं पिशवीतल्या चार पिना काढल्या आणि पुठ्ठा जाळीच्या दाराला चारी कोपऱ्यांत टाचला.

तेवढ्यात साडू वर्गातली पोरं घेऊन जिन्यापाशी आला. सातआठ शिकाऊ, त्यात मास्तरला कळ आली तेव्हा गाडी कडेला घेणारी ती पोरगी आणि तिची आईसुद्धा. आईला आता स्वतःलाच शिकायचं होतं. साडूनं पाटी वाचली. पिना बघितल्या. लिफ्टवाल्याकडं बघितलं.

"चालतेय की," तो हवेत बघून म्हणाला. "मी मघाशीच वरून आलो हिच्यातनं."

"ब्रेकचा आवाज दोन मजल्यांना येत नाही," लिफ्टवाला म्हणाला. "चाक धरणारे शू उतरवून बघावे लागतील."

"म्हणजे नक्की बिघडलंय असं नाही."

"नाही. नसेलही."

साडूनं पाटी पुन्हा वाचली. मग पोरांकडं वळला. "चला. पायी. आजचा पहिला धडा: समोर बंदची पाटी दिसली की हॉर्न वाजवत उभं राहायचं नाही. दुसरा रस्ता धरायचा."

लिफ्टवाला मशीनरूममध्ये परतला. दोर जिथून खाली शाफ्टमध्ये जातात त्या भोकांतून सगळ्या इमारतीचा आवाज वर येतो, नळीतून यावा तसा. तो ब्रेकची स्प्रिंग सैल करत होता आणि खालून साडूचा आवाज चढत होता. पहिला मजला: त्रिकोणी पाटी म्हणजे सावध, गोल म्हणजे हुकूम. दुसरा: शाळेपाशी वेग किती. तिसरा: ट्रक आणि म्हशी यांच्यातलं साम्य. लिफ्टवाल्याचा पाना हातातच राहिला. चौथ्यावर पोरांचे धापा टाकायचे आवाज आले, पावलं विस्कळीत झाली, आणि कुणी बाई म्हणाली, "मास्तर, जरा थांबा की हो. जीव चाललाय."

"थांबायचं असेल तर आधी इंडिकेटर द्या, मग कडेला व्हा," साडू म्हणाला. "असं मधेच थांबलात तर मागचा येऊन धडकेल." आणि बोलत बोलत तो पाचव्यावर पोचला. आवाजात एकदाही खंड पडला नाही.

काही वेळानं तीच बाई पाचव्यावर पोचली. तिची धाप कमी व्हायला वेळ लागला.

"तुम्हाला धाप नाही लागत?"

"रोज दोनदा चढतो. लिफ्टपेक्षा लवकर पोचतो. आज खाली यायला तेवढी लिफ्ट घेतली, तर लगेच तीच बंद पडली."

"मग तुम्हाला वर कशाला ठेवलंय? तो दुसरा मास्तर गाडीत मोबाईल बघत बसतो. परवा माझ्या पोरीनं गाडी फुटपाथवर घातली, त्यानं मान वर केली नाही."

"हे मला सांगून काय उपयोग? खाली मालकाला सांगा. दुसरे मास्तर द्या म्हणून खाली पण तुम्हीच सांगितलं होतं."

बाईच्या बांगड्या कठड्यावर वाजल्या.

"पण लिफ्ट बंद आहे बरं का," साडू म्हणाला. "चालत जावं लागेल."

 मग पाचव्यावरून बाईच्या चपला निघाल्या. सावकाश, कठड्याला धरून, एकेक पायरी खाली.

साडू लिफ्टच्या दाराशी आला असावा. त्याचा आवाज शाफ्टमधून सरळ वर आला, तोंडाला कर्णा लावल्यासारखा.

"ए शेपूट! किती वेळ लागेल?"

"दुपार होईल!"

"होऊ दे! आणि त्या पिना माझ्या आहेत, ध्यानात ठेव!"

लिफ्टवाल्यानं ब्रेकचे दोन्ही शू बाहेर काढले, उजेडात धरले. एकाचं लायनर, म्हणजे आतलं अस्तर, कडेनं काळं पडून काचेसारखं चकचकीत झालं होतं, तिथं ते धरत नव्हतं. दुसरं ठीक होतं. त्यानं पिशवीतून सँडपेपर काढला, मांडी घातली आणि घासायला लागला.